भावकीचा विडा

"एक बोलनं राह्यलंय, व्याही," तुळशीराम म्हणाला आणि त्याने पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला.

गुणाजीच्या ओटीवरची मंडळी एव्हाना उठायच्या बेतात होती. थळच्या तुळशीराम नाखव्याने आपल्या थोरल्या मुलासाठी गुणाजीची राही पसंत केली होती. लुगडी ठरली, मांडव ठरला, वऱ्हाड किती होड्या-पडावांतून येणार तेही ठरलं. आता राहिलंच काय, म्हणून सगळे तुळशीरामच्या तोंडाकडे बघू लागले.

"बोला ना," गुणाजी म्हणाला.

"राग मानू नका. लग्नात नवरीच्या बापानं ते हातात धरायचं न्हाय." तुळशीरामने हनुवटीनेच भिंतीकडे खूण केली. तिथे खुंटीला काळ्या पेटीत गुणाजीचं क्लॅरिनेट टांगलेलं होतं. "तुमचा बँड वाजू दे, त्याला आमची ना न्हाय. पन तुमी वाजवायचं न्हाय. उद्या थळात लोक बोलतील, तुळशीराम नाखव्यानं वाजंत्र्याची पोर आनली."

गुणाजीचा चुलतभाऊ दिनानाथ शेजारीच बसला होता, तो आढ्याकडे बघू लागला. आतल्या दाराशी राही उभी होती, तिच्या हातातल्या बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या.

"बरं," गुणाजी म्हणाला.

मुलीच्या बापाने याहून वेगळं काय म्हणायचं? मुलगा निर्व्यसनी, घरची दोन गलबतं, सासू मायाळू. अशा ठिकाणी लाकडाच्या एका नळीपायी मोडता घालायचा म्हणजे शुद्ध वेडेपणा. गुणाजी वेडा नव्हता. निदान तसा तो स्वतःला समजत नव्हता. पण तुळशीराम पायरी उतरून गेल्यावर तो कितीतरी वेळ त्या खुंटीकडे बघत बसला, आणि केसरने, त्याच्या बायकोने, जेवायला दोनदा हाक मारली तरी उठला नाही.

गुणाजीला हे वेड लागलं त्याला चौदा-पंधरा वर्षं झाली होती. तेव्हा तो रेवदंड्याच्या कोळीवाड्यातला गुणाजी नाखवा होता. दिनानाथबरोबर भागीत होडी होती, हाताखाली माणसं होती, जमातीत बसायला पुढची जागा होती. एकदा खाडीपलीकडे कोर्लईला किरिस्तावांचा सण होता म्हणून तो हलवा मासळी विकायला गेला. इगर्जीच्या, म्हणजे त्यांच्या देवळाच्या, पायऱ्यांवर पास्कूमास्तर क्लॅरिनेट वाजवत होता. गुणाजी ऐकत उभा राहिला तो राहिलाच. पाटीतल्या माशांभोवती मांजरं गोळा झाली, त्यांनी आपापला सण साजरा केला, तरी याला पत्ता नाही.

पास्कूमास्तर मुंबईला गोऱ्यांच्या लष्करी बँडात होता. नोकरी संपल्यावर गावी येऊन नारळीच्या चार झाडांखाली स्वस्थ बसला होता. गुणाजी त्याच्या मागे लागला. होडी किनाऱ्याला लागली की अंगावरचं खारं पाणी वाळायच्या आत हा तरीच्या होडीत बसून कोर्लईला. शिकवणीबद्दल मासळी. केसर म्हणायची, "त्यापरीस सवत आनली असती तर बरं झालं असतं. ती निदान बोंबील तरी सुकत घालती."

पण केसरलाही आतून कौतुक होतंच. संध्याकाळी गुणाजी पुळणीवर बसून वाजवायला लागला की ती जाळं सांधायचं निमित्त काढून जवळ येऊन बसायची. छोटी राही त्याच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकता ऐकता झोपायची. तिच्यासाठी त्याने एक चाल बांधली होती. जाळं ओढताना माणसं जी लय धरतात ती घेऊन त्याने ती हळू केली आणि शेवटी थोडी वर नेऊन सोडून दिली. घरात तिला 'राहीची चाल' म्हणत. ती तो दुसऱ्या कुणासमोर वाजवत नसे.

"बा, माज्या वरातीला हीच वाजवशील ना?" राही विचारायची. तेव्हा ती सात-आठ वर्षांची असेल.

"हीच. आनि थळ-नवगावपातूर ऐकू जाईल एवढी वाजवीन."

त्या दिवसांत कोळीवाड्यात कुणाचंही लग्न निघालं की गुणाजी वाजवायला हजर. कुणी बोलावण्याची वाट बघायचा नाही. हळदीपासून वरातीपर्यंत वाजवून वाजवून ओठ सुजायचे. त्याला कोणी काही देत नसे आणि तोही मागत नसे. मात्र पंगत बसायची वेळ झाली की यजमान स्वतः त्याचा हात धरून पाटलाच्या शेजारी बसवायचा, यजमानीण आग्रह करकरून वाढायची आणि वर म्हणायची, "गुनादादा, तू हाईस म्हनून लग्नाला रंग चढला." माणसाला आणखी काय हवं असतं!

पण माणसाला आणखी हवं असतंच. उरणच्या एका मिठागरवाल्या शेठकडे लग्न होतं. त्यांनी मुद्दाम माणूस पाठवून वाजवायला येण्याचा विडा दिला. पानावर सुपारी आणि सुपारीशेजारी चांदीचा रुपया. गुणाजी आणि त्याचा मेहुणा सदा ढोलकीसकट उरणला गेले आणि चांगला सत्कार घेऊन परत आले. परतताना गलबतात सदाच्या डोक्यात एकच घोळत होतं.

"दाजी, बँड काढूया. म्हावऱ्याच्या मागं मरायचं, दर्या देईल ते घ्यायचं, त्यापरीस हे काय वायट? ज्यात तुजा जीव हाय त्येच्यावरच पोट भरंल."

ज्यात जीव आहे त्याच्यावरच पोट भरायचं. गुणाजीला ते इतकं सोपं आणि इतकं गोड वाटलं की त्याने होडीतला आपला भाग दिनानाथला विकून टाकला. आलेल्या पैशात मुंबईहून जुनी पितळी वाद्यं आणली, मोठा ढोल आणला, चोरबाजारातून सोनेरी बटणांचे लाल कोट आणले. पण हे सगळं करण्याआधी तो जाऊन पास्कूमास्तरच्या पाया पडला. म्हातारा तेव्हा अंथरुणाला खिळला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"काढ बँड," तो म्हणाला. "पन एक ध्यानात ठेव, गुनाजी. पैसं घ्यायचं तर परक्यात वाजव. घरात वाजवायचं तर फुकट वाजव. मी मुंबईत सायबाचा पगार खाल्ला, पन माज्या इगर्जीत एक पै घेतली न्हाय. म्हनून हितं अजून मना मास्तर म्हंतात."

"न्हाय घेनार," गुणाजी म्हणाला.

आणि पहिली तीन-चार वर्षं त्याने कोळीवाड्यात खरोखर एक पै घेतली नाही. पेण, पनवेल, अलिबाग, उरण, जिथून विडा येईल तिथे बँड जायचा. कोळीवाड्यातलं लग्न असलं की मात्र गुणाजी एकटा, लाल कोट घरी ठेवून, साध्या सदऱ्यात जाऊन वाजवायचा. सगळं ठीक चाललं होतं. मग दिनानाथच्या मुलाचं लग्न निघालं.

दिनानाथला पुरा बँड हवा होता. लाल कोटांसकट. मुंबईचे पाहुणे येणार होते. गुणाजीने सदाला सांगितलं, तेव्हा सदाने तोंड वाकडं केलं.

"दाजी, तुजा भाऊ, तू फुकट वाजव. पन ढोलवाला, तुतारीवाला त्यांनी का वाजवावं? त्याच दिवशी पेनचा विडा आलाय. त्यांच्या पोटावर पाय देऊ नको."

बोलणं खोटं नव्हतं. गुणाजी बिचकत बिचकत दिनानाथकडे गेला आणि पोरांसाठी काहीतरी बघ, एवढंच म्हणाला. दिनानाथला त्यात काहीच गैर वाटलं नाही. त्याने आनंदाने पान आणवलं, त्यावर सुपारी ठेवली, रुपया ठेवला आणि विडा गुणाजीच्या हातात दिला. भावाने भावाला विडा दिला, आणि गुणाजीने तो घेतला. घेताना त्याला पास्कूमास्तर आठवला नाही असं नाही. आठवला. पण हे पैसे आपले थोडेच, पोरांचे आहेत, अशी त्याने स्वतःची समजूत काढली.

लग्नाच्या दिवशी पंगत मांडली गेली. गुणाजी सवयीने हात धुऊन पाटलाच्या शेजारी जाऊन बसला. वाढणारे दोघे-तिघे त्याच्या पानाशी येऊन घुटमळले. मग दिनानाथ स्वतः आला आणि वाकून हळूच म्हणाला, "गुनादादा, बँडवाल्यांची पंगत मागाहून हाय."

"मी तुजा भाऊ हाय, दिनानाथ."

"व्हय रं. पन विडा घेतलास ना तू. आता तुला हितं बसवला तर तुतारीवाल्यालाबी बसवाया पायजे. लोक काय बोलतील?"

दिनानाथ वाईट माणूस नव्हता. तो रीतीने वागत होता. विडा घेतलेला माणूस कामाचा माणूस, आणि कामाची माणसं शेवटी जेवतात. गुणाजी उठला. त्या पंगतीत बसलेल्या पन्नास माणसांसमोरून चालत मांडवाबाहेर गेला आणि चिंचेखाली आपल्या माणसांजवळ बसला. सगळी पंगत उठल्यावर उरलेलं कालवण आलं, ते त्यांच्याबरोबर जेवला.

त्या रात्री केसर त्याला घालून पाडून बोलली. मांडवात बसल्या बसल्या तिला बायकांनी आधीच टोमणे मारून घेतले होते.

"त्यांनी विडा दिला नि तुमी घेतलात. आता मान कुनाकडं मागताव?"

गुणाजीने काळी पेटी उचलून खुंटीला लावली.

त्या दिवसानंतर कोळीवाड्यात प्रत्येक लग्नाला विडा येऊ लागला. दिनानाथने दिला मग आम्ही का नाही, आम्ही काय भिकारी, असं प्रत्येकाला वाटायचं. नको म्हणावं तर देणाऱ्याचा अपमान. गुणाजीला कुणी नाखवा म्हणेनासं झालं. आधी मास्तर म्हणायचे, पुढे नुसतं 'बँडवाला'. जमातीच्या बैठकीला तो गेला की लोक सरकून जागा द्यायचे, पण ती कडेची. कुणी तोंडावर वावगं बोललं नाही. गुणाजीचा बँड चांगला चालत होता, घरावर कौलं चढली होती, राहीच्या अंगावर सोनं होतं. आणि तरी पुळणीवर बसून नुसतं स्वतःसाठी वाजवायला त्याचं मन घेईना. काळी पेटी उघडली की ती कामाची पेटी वाटायची. राहीची चाल वाजवून किती वर्षं झाली ते त्यालाही आठवत नव्हतं. बँड काढल्याची त्याला खंत नव्हती. त्या एका विड्याची होती. तेवढा एक घेतला नसता तर, असं तो मनातल्या मनात किती वेळा म्हणाला असेल त्याला गणती नाही.

आणि आता राहीचं लग्न येऊन ठेपलं.

हळदीच्या दिवशी दुपारी बायका आंघोळीचं पाणी तापवायला मागच्या दारी गेल्या, तेव्हा राही पिवळ्याजर्द अंगाने बापाजवळ येऊन उभी राहिली. गुणाजी सदासाठी क्लॅरिनेट पुसून ठेवत होता. वरातीत, गुणाजीकडूनच थोडंफार शिकलेला सदा ते वाजवणार होता.

"बा," राही म्हणाली, "तू वाजवू नको हां."

"न्हाय वाजवनार. शब्द दिलाय."

"मना तिकडं नांदायचं हाय. हळद घेऊन आलेल्या थळच्या बायका आताच कायबाय बोलत व्हत्या. एक जनी बोलली, हिच्या बाला शिधा द्यायला इसरू नका."

गुणाजीने मान हलवली. फडकं नळीवरून फिरतच राहिलं.

"सदामामाला ती चाल येते?" राहीने विचारलं.

"येते थोडी."

"न्हाय येत. मी ऐकलंय. शेवटाला तो खालीच सोडतो." एवढं बोलून तिचा आवाज फुटला. "मना तुजी ऐकायची व्हती, बा. पन तू वाजवू नको."

हळदीचे हात डोळ्यांना लावायचे नसतात म्हणून ती तशीच उभी राहिली, आणि गुणाजीनेच आपल्या धोतराच्या सोग्याने तिचे डोळे पुसले. पोरीचं म्हणणं दोन्ही बाजूंनी खरं होतं. तिच्यावर रागवायला कुठे जागाच नव्हती. राग यायचा तो स्वतःचाच येत होता.

लग्न छान लागलं. गुणाजीने डोक्याला जरीचा रुमाल बांधला होता, खांद्यावर नवं उपरणं होतं. व्याह्यांनी त्याला कडकडून मिठी मारली, पाटलाने गंध लावलं. सबंध दिवस त्याने बँडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सदा क्लॅरिनेट वाजवत होता, मधूनच सूर चिरकत होता, आणि प्रत्येक चिरकण्यासरशी गुणाजीची बोटं उपरण्यावर नकळत तो सूर धरत होती. पण तो पाहुण्यांना सरबत विचारत फिरत राहिला. तुळशीराम खूश होता. "व्याही शब्दाचे पक्के," असं त्याने चारचौघांत म्हटलं सुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवणी होती. ओहोटी लागली की पडाव खाडीबाहेर काढायचा होता, म्हणून सगळ्यांची धांदल. वरात वाजत गाजत किनाऱ्यावर आली. सदाने राहीची चाल धरली आणि शेवटी खालीच सोडली. पडाव कमरभर पाण्यात उभा होता, आणि रीतीप्रमाणे नवरीला मामाने उचलून पडावात बसवायची होती. मामा म्हणजे सदाच. आयत्या वेळी सदाच्या ते लक्षात आलं. क्लॅरिनेट वाळूत कसं टाकणार? त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि जवळच उभ्या असलेल्या गुणाजीच्या हातात ते ठेवलं.

"दाजी, जरा धर," म्हणाला आणि राहीला उचलून पाण्यात शिरला.

गुणाजीने ते धरलं. सदाच्या तोंडाची ऊब अजून त्याला होती. त्याने ते वाजवलं नाही, ओठांजवळही नेलं नाही. नुसतं धरून आपल्या बँडवाल्यांच्या रांगेच्या टोकाला उभा राहिला, कारण तिथूनच राही नीट दिसत होती.

लग्न सुटताना नवऱ्याचा बाप वाजंत्र्यांना एकेक नारळ देतो. तुळशीराम तेच करत येत होता. पडाव सुटायची घाई, मागे माणूस नारळांचं पोतं घेऊन, आणि हा एकेकाच्या हातातलं वाद्य बघून भराभर नारळ ठेवत चाललेला. ढोलवाल्याला दिला. तुतारीवाल्याला दिला. झांजवाल्याला दिला. पुढच्या माणसाच्या हातात क्लॅरिनेट दिसलं, त्याच्या मोकळ्या हातावर नारळ ठेवला. मग वर पाहिलं.

दोघे व्याही एकमेकांकडे बघत राहिले. तुळशीरामचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. शब्द मोडलात, असं त्याला म्हणायचं असेल. किंवा चुकलं माझं, असंही असेल. पण पाठवणीच्या वेळी हातात पडलेला नारळ परत करत नाहीत. परत केला तर नवरीच्या संसाराला बाधतो, हे किनाऱ्यावरच्या लहान पोरालाही ठाऊक. मागे भावकी उभी होती, दिनानाथ होता, थळची माणसं होती, पाण्यात पडाव होता आणि पडावात राही इकडेच बघत होती.

गुणाजीने जरीचा रुमाल बांधलेलं डोकं खाली वाकवलं, नारळ कपाळाला लावला आणि म्हणाला, "सुखी राहा, नाखवा."

तुळशीरामने कसंबसं हात जोडले आणि तो पाण्यात उतरला. नांगर वर आला, शिडात सकाळचा वारा भरला. पडाव खाडीच्या तोंडाकडे वळला तशी राही उठून उभी राहिली. तिने हात वर केला आणि हलवत राहिली. किनाऱ्यावरच्या सगळ्या बायकांनी हात हलवले. गुणाजीलाही हलवायचा होता. पण त्याच्या एका हातात क्लॅरिनेट होतं आणि दुसऱ्या हातात नारळ.

"अवो, पोर बघते, हात करा ना," केसर रडत रडत म्हणाली.

तो हातांकडे बघत तसाच उभा राहिला.

पडाव खाडीबाहेर पडेपर्यंत राहीचा हात हलत होता.